मापाची मोटारसायकल

“तयार कपडा हा दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाचा असतो. साधं कापड घ्यावं, आणि आपल्या मापाचं करून घ्यावं.”

हे माझे सासरे सांगत. त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय होती. त्यामुळे वाक्य ओठांच्या एका कोपऱ्यातून बाहेर पडे, आणि ऐकणाऱ्याचं निम्मं लक्ष ‘यांनी आता टाचणी गिळली तर?’ याच्यावरच असे. याच्यापुढेही ते काहीतरी म्हणत, पण तिथपर्यंत थांबायचा धीर कुणाला झाला नाही. ते जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचं हे अर्धं वाक्य मात्र आमच्या घरात अजून कायद्यासारखं चालतं. पडदे, गाद्या, चपला, सगळं आम्ही आधी साधं आणतो आणि मग आपल्या मापाचं करतो. चपला तशा करता येत नाहीत, हे आम्हाला तीन जोडांनंतर कळलं.

मोटारसायकलही आम्ही याच कायद्याखाली घेतली.

गाडी माझ्यासाठी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे दुकानदारापासून सरकारी साहेबांपर्यंत सगळेजण आमच्या ह्यांच्याकडे बघून बोलणार आहेत. ह्यांना दोन चाकांवर तोल राहत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते माझ्या वडिलांच्या मोटारसायकलवर बसले आणि सरळ मेंदीच्या कुंपणात गेले, ते अजून मनाने तिथेच आहेत. मी मात्र सतराव्या वर्षापासून चालवते. माझे वडील जनावरांच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. मागच्या सीटवर बसून औषधाच्या बाटल्या धरायच्या, तर त्यांचा स्वतःखेरीज कुणावर विश्वास नव्हता. म्हणून चालवायला मी.

आता माझं वय त्रेपन्न. ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलाशी मी सत्तावीस वर्षं बसते. हळू बोलणं हा माझा स्वभाव की माझी नोकरी, हे आता मलाही सांगता येणार नाही. रोजचे काही नेम आहेत. पहाटे दिवा लावायचा, प्रार्थना करायची, आणि दिवा लावल्यापासून सातपर्यंत मौन. याचा कुणाला त्रास नाही. दुसरा नेम जरा नाजूक आहे. नऊ वर्षांपूर्वी मी एका वादात जिंकले होते. जिंकल्यावर जे काही वाटलं ते फार वाईट होतं, म्हणजे फारच गोड होतं. मी घाबरले आणि त्या दिवसापासून ठरवलं, की रोज मौन सुटल्यावर पहिल्यांदा जो कुणी मला काही सुचवेल, त्याचं त्या दिवशी वाद न घालता ऐकायचं. दिवसाला एकाचंच. देवानं माणसाला दोन कान दिलेत, निदान एक तरी दुसऱ्यासाठी.

नऊ वर्षं हा नेम बिनबोभाट चालला. सकाळी पहिला भेटणारा दूधवाला, आणि त्याची सूचना एकच, “ताई, पातेलं जरा मोठं आणा.” आमच्या घरात आता पातेलीच पातेली आहेत.

सासूबाई एकोणऐंशीच्या. दुकान गेलं तरी त्या खिडकीशी बसून गल्लीतल्या लोकांच्या सदऱ्यांना काजं करून देतात. एका दुपारी फोन आला. त्यांची धाकटी बहीण, आमची मावशी, कालव्यापलीकडे एकटी राहते. तिचा मुलगा बोलत होता. महिनाअखेरीला, तीस तारखेच्या संध्याकाळी, तो आईला आपल्या गावी घेऊन जाणार होता. त्याचं गाव दोन दिवसांच्या प्रवासावर. सासूबाईंनी ‘बरं, बरं’ म्हणून फोन ठेवला आणि परत सुई हातात घेतली. संध्याकाळी मी पाहिलं, तर एका सदऱ्याची सगळी काजं उजव्या पट्टीवर झाली होती. गुंड्याही उजव्या पट्टीवरच. पन्नास वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

मी त्यांच्याजवळ बसले. “आई, तीस तारखेच्या आत मी तुम्हाला मावशींकडे नेऊन आणते.”

“कशावर बसवून?” त्या म्हणाल्या.

प्रश्न बरोबर होता. बंद गाडीत बसलं की त्यांना दहाव्या मिनिटाला मळमळतं. बस कालव्याच्या अलीकडेच थांबते. कालव्यावरच्या जुन्या पुलाच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेत, त्यांतून फक्त दुचाकी जाते, आणि पुढे सहा किलोमीटर असा रस्ता, की स्कूटरची बारकी चाकं त्यातल्या एखाद्या खड्ड्यात मुक्कामालाच राहतील.

“मोटारसायकलवर,” मी म्हटलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “शब्द देतेयस?”

“देतेय.”

त्यांनी मान हलवली आणि काजं उसवायला घेतली.

मोटारसायकल घ्यायची म्हटल्यावर आमच्या ह्यांच्या अंगात जे काही संचारलं, ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं. ज्या माणसाला गाडी चालवायची नसते त्याला गाडीची सगळी माहिती असते. चार दिवसांत घरात माहितीपत्रकांचा ढीग झाला. एकाच कंपनीची तेवीस मॉडेलं! ह्यांनी कपाटाच्या दाराला एक मोठा तक्ता चिकटवला, तीन रंगांच्या पेनांनी. कपाट उघडलं की मॉडेल एक ते अकरा भिंतीकडे जात आणि बारा ते तेवीस माझ्या अंगावर येत.

“अगं, नऊ नंबरला भोंगा चांगला, पण काच चौदा नंबरची. आणि सतराला मागे दोन पिशव्या येतात!”

“अहो, आईंना बसायला कुठली बरी?”

“ते बघू ना. आधी सगळी वैशिष्ट्यं तर समजून घे.”

दुकानात गेलो. एक तरतरीत विक्रेता पुढे आला आणि ह्यांच्याशी हात मिळवून म्हणाला, “सर, तुमच्यासाठी?”

“हिच्यासाठी,” हे म्हणाले.

“अच्छा! काकूंना भेट देताय!”

“काकू स्वतःच घेतायत,” मी हळूच म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. मग त्याने एकासारख्या एक दिसणाऱ्या तीन गाड्यांपुढे आम्हाला उभं केलं. “ही साधी. ही प्लस. आणि ही प्लस-प्रो.”

“प्लसमध्ये काय जास्त आहे?” मी विचारलं.

“काकू, लूक वेगळा आहे.”

“म्हणजे?”

त्याने जरा वाकून पाहिलं. “टाकीवर पट्टी आहे.”

“आणि प्रोमध्ये?”

“पट्टी दोन्ही बाजूंनी.”

तिथे मला सासरे आठवले. टाचण्यांसकट. मी म्हटलं, “आपण साधी घेऊ. आणि आपल्या मापाची करून घेऊ.” ह्यांनी तक्त्याकडे, म्हणजे तक्ता होता त्या दिशेला, दुःखी नजर टाकली. पण वडिलांचं वाक्य म्हटल्यावर त्यांचाही इलाज चालेना. आम्ही काळी, साधी, बिनपट्टीची गाडी घरी आणली. कायमचा नंबर मिळायला ती परिवहन कचेरीत नेऊन तपासून घ्यायची होती. तात्पुरता नंबर गावापुरता चालतो, पुलावरच्या चौकीत चालत नाही. “तपासणी काय, एका तासाचं काम,” विक्रेता म्हणाला. महिना संपायला तेवीस दिवस होते. मी म्हटलं, गाडी आधी मापाची करून घेऊ, मग एकदाच दाखवू.

इथे माझी चूक झाली. आणि त्याच संध्याकाळी दुसरी चूक आमच्या ह्यांनी केली. जिन्यात गाडी बघायला सगळी इमारत जमली असताना त्यांनी, बायकोच्या कौतुकाच्या भरात, माझा नाजूक नेम सगळ्यांना सांगून टाकला.

दुसऱ्या दिवशी सात वाजून एक मिनिटाने दार वाजलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर उभे होते, आंघोळ करून, भांग पाडून.

“वहिनी, पहिला मीच ना?”

“हो. का बरं?”

“मग ऐका. मागे एक पत्र्याची पेटी बसवून घ्या. कुलपाची. माणूस प्रवासाला निघाला म्हणजे सामान आलंच.”

वाद घालायचा नव्हता. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने दुपारपर्यंत पेटी बसवली. एवढी मोठी, की तिच्यात दुसरी मोटारसायकल मावली असती.

तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. “काकू, पुढे मोठी काच हवी. तोंडावर वारा आला की हिरड्या आखडतात. आज्जींचे खालचे चार दात मी स्वतः सांभाळलेत.” काच बसली. चौथ्या दिवशी शेजारचे संगीतमास्तर म्हणाले, “वहिनी, या गाडीचा भोंगा बेसूर आहे हो. कानाला लागतो.” आणि त्यांनी तीन सुरांचा भोंगा आणून दिला. तो वाजला की खालचा कुत्रा चौथा सूर लावी.

पाचव्या दिवसापासून सातच्या ठोक्याला दारात रांग लागायला लागली. पोस्टमास्तरांना रांगेचा अनुभव दांडगा. त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या. आज ज्याचा नंबर लागला नाही तो उद्या पहिला. लोक एकमेकांचे नंबर अदलाबदल करू लागले. डॉक्टरीणबाईंनी आपला एक नंबर दात साफ करून देण्याच्या बोलीवर दुसऱ्याकडून मिळवला, असं नंतर कानावर आलं. आमचे हे तर घरचेच. एकदा ते साडेसहापासून माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले, घड्याळाकडे बघत, आणि सातला म्हणाले, “सतरा नंबरच्या मॉडेलसारख्या दोन पिशव्या!” इतका आनंद त्यांना बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

पायांपुढे लोखंडी कमानी झाल्या. आरसे चार झाले, म्हणजे मागचं सोडून मला मीच चार ठिकाणी दिसू लागले. उन्हासाठी छत्रीचा दांडा, त्यावर छत्री. पाण्याच्या बाटलीला कडं. हवामानाचा अंदाज यावा म्हणून थर्मामीटर. सीटखाली स्प्रिंगा, “आज्जींना गचके बसू नयेत म्हणून.” सगळे आज्जींसाठीच सांगत होते. आणि आज्जी खिडकीशी बसून, चष्म्यावरून खाली बघत, काजं करत होत्या.

रंगाचं मात्र माझ्यामुळे झालं. मिस्त्री भला माणूस, पण त्याला वेळेचं भान नाही. एकदा तो साडेसहालाच आला. माझं मौन चालू. “ताई, काळा रंग उन्हात तापतो. आज्जींना चटका बसेल. कुठला लावू?” आता त्याचा पाय नेमका माझ्या धुण्याच्या पोपटी बादलीत पडायच्या बेतात होता. मी घाईघाईने बादलीकडे बोट दाखवलं. त्याने बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “ताई, नक्की?” मी जोरजोरात बादलीकडे बोट नाचवलं. “बरं,” तो म्हणाला, “तुमची गाडी.” आणि मागे सरकून पाय बादलीत घालून गेला.

संध्याकाळी गाडी पोपटी होऊन आली.

पंचवीस तारखेला मी ती पहिल्यांदा बाजारपेठेतून नेली. स्वतःविषयी चांगलं बोलू नये असा माझा प्रयत्न असतो, पण सत्तावीस वर्षांच्या नोकरीत लोकांनी मला पाहून आवाज खाली आणला आहे. त्या दिवशी पहिल्याच चौकात सिग्नलला थांबले, तर शेजारच्या रिकाम्या जागेत एक गृहस्थ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, कपाटाची किल्ली किती वेळात करून देता?”

“मी किल्ल्या करत नाही हो.”

“मग छत्री दुरुस्ती?”

सिग्नल सुटेना. मागून एक लहान मुलगी आईचा हात ओढत आली. “मला नारिंगी आइसकांडी!” आईने पाकीट काढलंसुद्धा. मी घाबरून भोंगा वाजवला. तीन सुरांत. आजूबाजूच्या दोन घरांतून बायका भांडी घेऊन बाहेर आल्या. काय विकतेय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण काहीतरी संपायच्या आत घ्यावं, एवढं त्यांना समजलं होतं. नेमका त्याच वेळी ग्रंथालयाच्या विश्वस्तांचा स्कूटरवरून जाताना माझ्याकडे कटाक्ष गेला. त्यांनी नमस्कार केला नाही. नोकरीनंतर मी जोडधंदा काढलाय असं समजून, मला ओशाळं वाटू नये म्हणून, त्यांनी मान दुसरीकडे वळवली. या दयेने मला जितकं लागलं तितकं कशानेच लागलं नाही.

सव्वीस तारखेला आम्ही दोघं परिवहन कचेरीत गेलो. तीन नंबरच्या खिडकीने कागद बघितले, गाडी बघितली आणि पाच नंबरच्या खिडकीकडे बोट केलं. पाच नंबर म्हणाली, “रंग बदलाचा अर्ज वेगळा. पण आधी नंबर हवा. नंबराशिवाय रंग बदलता येत नाही.”

“आणि नंबर?”

“तो रंग जुळल्याशिवाय मिळत नाही.”

मी वाद घालत नाही. मी नुसती उभी राहिले. सत्तावीस वर्षं टेबलाशी बसल्यावर मला एक विद्या आली आहे, न बोलता उभं राहायची. वीस मिनिटांनी पाच नंबरच्या बाईंनाच अवघडल्यासारखं झालं आणि त्यांनी आम्हाला अंगणात निरीक्षकांकडे पाठवलं.

निरीक्षक निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे, शांत. त्यांनी हातातल्या कागदाकडे बघत गाडीभोवती एक फेरी घातली. मग दुसरी. तिसऱ्या फेरीला छत्रीखाली थांबून घाम पुसला.

“साहेब, गाडी कुठं आहे?” त्यांनी ह्यांना विचारलं.

“हीच की.”

“ही दिसतेय हो मला. या कागदातली कुठं आहे?”

हे याच क्षणाची वाट बघत होते. त्यांनी पिशवीतून तक्ता काढला. कपाटाच्या दाराचा तक्ता! “साहेब, असं आहे, यातली एकही गोष्ट बेकायदा नाही. भोंगा आहे तो नऊ नंबरच्या मॉडेलला असतोच. काच चौदाची. पिशव्या सतराच्या. कमानी बावीस...”

निरीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं. मग कागद घडी करून माझ्याकडे दिला. पहिल्यांदा माझ्याकडे.

“बाई, तुमच्याकडे तेवीस मॉडेलं आहेत. मला एकच तपासायचंय. कागदावर आहे तशी करून आणा. एकोणतीसला मी शेवटचा इथे आहे. मग थेट पुढच्या महिन्यात.”

घरी येताना मी ढकलतच आणली असती तर बरं झालं असतं. वाटेत दोघांनी किल्ल्यांचं विचारलं.

त्या संध्याकाळी सासूबाईंना जिन्यापर्यंत आणलं. म्हटलं, निदान बसून तर बघा. त्या आल्या. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, निरीक्षकांसारखीच. मग पाय उचलून बघितला. स्प्रिंगांनी उंच झालेली सीट त्यांच्या कमरेच्या वर. पेटी मागून इतकी पुढे आलेली, की बसायला उरली होती जेमतेम पोळपाटाएवढी जागा. त्यांनी पाय परत जमिनीवर ठेवला.

“सतरा लुगडी, तरी बाई उघडी,” त्या म्हणाल्या.

मी मोजलं. खरंच सतरा वस्तू होत्या.

मला रडू आलं. मी तसं दाखवत नाही, पण पायरीवर बसले. “आई, मी शब्द दिला होता. रोज एकेकाचं ऐकत गेले, आणि...”

“सगळ्यांचं ऐकलंस,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, हाच त्रास. “माझं विचारलंस?”

“तुम्ही काही सांगितलंच नाहीत!”

“अगं, माप काय गिऱ्हाईक सांगतं? शिवणाऱ्यानं घ्यायचं असतं.” त्या माझ्याशेजारी हळूच टेकल्या. “हे म्हणायचे ना, साधं कापड घ्यावं, आपल्या मापाचं करावं. ते अर्धं सगळ्यांना पाठ. पुढचं काय म्हणायचे?”

“टाचण्यांमुळे कुणाला कळायचंच नाही.”

“‘पण माप घेतल्याशिवाय कात्री उचलू नये.’ पन्नास वर्षं मी समोर बसून ऐकलंय. मला टाचण्यांतूनही कळायचं.”

मी आत जाऊन शिवणाच्या डब्यातली टेप आणली. सासऱ्यांचीच, सुरुवातीचे आकडे पुसलेली, पण ते त्यांच्या बोटांनाच ठाऊक असायचे. सासूबाईंना स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून कमरेपर्यंत माप घेतलं. एका घरात राहून सव्वीस वर्षं झाली. त्यांना किती गोड लागतं, कुठल्या कुशीवर झोप येते, हे मला माहीत होतं. त्यांचा गुडघा जमिनीपासून किती वर असतो, हे माहीत नव्हतं. फार वर नसतो.

“आता हे सगळं काढायचं कसं?” हे म्हणाले. “लोकांनी प्रेमानं दिलंय. वाईट वाटेल.”

मी टेप गुंडाळून डब्यात ठेवली.

सत्तावीस तारखेला सातला दार उघडलं, तर रांग होतीच. पुढे पोस्टमास्तर, हातात चिठ्ठी क्रमांक एक. ते बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला.

“थांबा भाऊ. आज पहिली मी.”

सासूबाई चष्मा सावरत पुढे आल्या. “सूनबाई, ऐक. गाडीवरचं सगळं काढ. साधी कर.”

नेम म्हणजे नेम. माझ्या मनात जे झालं, त्याला मी आनंद म्हणत नाही, कारण तसा आनंद होऊ नये म्हणूनच तर मी नेम धरला होता.

“भोंगा पण?” संगीतमास्तरांनी हळूच विचारलं.

“भोंगा आधी.”

मास्तरांचा चेहरा पडला. पोस्टमास्तर मात्र जिना उतरून गेले आणि पान्हा घेऊन आले. “मी सुचवलेली पेटी मीच काढणार,” ते म्हणाले. “दुसऱ्याचा हात लागलेलं मला चालणार नाही.” मग प्रत्येकाला तेच वाटलं. तासाभरात सगळी इमारत गाडीभोवती. डॉक्टरीणबाई काचेचा एकेक स्क्रू फिरवताना सवयीने म्हणत होत्या, “झालं, झालं, अजिबात दुखणार नाही.” आमच्या ह्यांनी पिशव्या स्वतः सोडवल्या आणि बराच वेळ कुशीत धरून उभे राहिले. पेटी आता जिन्याखाली टपालासाठी आहे, छत्री दूधवाल्याच्या सायकलवर, आणि भोंगा मास्तरांच्या शिकवणीत सुट्टी झाल्याचं सांगतो. मुलं पहिल्या सुरालाच दारात असतात. मिस्त्रीने टाकी परत काळी केली. बादलीचं मी त्याला कधीच सांगितलं नाही. तो अजून लोकांना सांगतो, “ताईंची आवड फार वेगळी.”

राहिली सीट. तिचं कव्हर सासूबाईंनी स्वतः उसवलं. मिस्त्रीने मागच्या निम्म्या भागातला फोम दोन बोटं कापला आणि मध्ये जरासा खोलगट केला, स्टुलावर घेतलेल्या मापाने. सासूबाईंनी कव्हर परत शिवलं, मेणदोऱ्याने, दुहेरी टाक्याने, अशा सफाईने, की कंपनीची शिवण शेजारी ठेवली तर तीच दुरुस्तीची वाटावी. मग इमारतीच्या दुसऱ्या पायरीवर उभं राहून त्या माझ्या मागे बसून बघू लागल्या. पहिल्या दिवशी चार वेळा, दुसऱ्या दिवशी अकरा वेळा. मावशींच्या दारात तेवढ्याच उंचीचा ओटा आहे, हे त्यांनी फोनवरून विचारून घेतलं होतं. वितीनं मोजायला लावून.

एकोणतीसला निरीक्षकांनी एकच फेरी घातली. “हं. ही ती गाडी.” मग सीटवर हात ठेवला आणि शिवणीवरून बोट फिरवलं.

“ही शिवण कंपनीची नाही.”

“सासूबाईंची आहे,” मी म्हटलं. वाद नव्हता, उत्तर होतं.

त्यांनी फॉर्म वरून खाली वाचला. उलटा करून मागची बाजू बघितली. “इथे रंग आहे, इंजिन आहे, चाकं आहेत. शिवणीला रकाना नाही,” ते म्हणाले आणि शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत त्यांनी हळू आवाजात विचारलं, “माझी खुर्ची तीस वर्षं एका बाजूला कललीय. उद्या निवृत्त नाही होत मी, अजून चार महिने आहेत. आई बघतील का?”

“माप घ्यावं लागेल,” मी म्हटलं.

तीस तारखेला मी नेहमीपेक्षा लवकर दिवा लावला, प्रार्थना केली आणि मौन सुरू झालं. सासूबाई तयार होऊन बसल्याच होत्या. मांडीवर बहिणीसाठी शिवलेलं पोलकं, कागदात गुंडाळलेलं, आणि गळ्यात टेप. “माप वीस वर्षांपूर्वीचं आहे,” त्या म्हणाल्या. “बारीक झाली असेल. तिथे बसूनच टिपा घालीन.”

हे दारात उभे होते. काही सुचवावंसं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं आणि माझ्या हातात नुसता डबा दिला. तिथे मला ह्यांचं फार कौतुक वाटलं.

आम्ही आवाज न करता जिना उतरलो. इमारत झोपली होती. निदान मला तसं वाटलं. सासूबाईंनी दुसऱ्या पायरीवरून पाय टाकला आणि बसल्या. सोळाव्या खेपेला, अगदी अलगद. पाय पायटेकणीवर नीट टेकले. मी गाडी सुरू केली. फाटकाशी पोस्टमास्तर, स्वेटर घालून, हातात काही नाही, पण बोट वर.

“वहिनी, मला वाटतं, हवा एकदा...”

माझं मौन होतं, आणि सात वाजायला अजून वेळ होता. पण उत्तर मागून आलं.

“भाऊ, आज पहिली पण मीच. सूनबाई, सात वाजले की लक्षात ठेव, आज कुणाचंही ऐकायचं नाही.”

पोस्टमास्तरांनी बोट खाली घेतलं आणि फाटक उघडून धरलं. मी हात जोडले. वर बघितलं तर डॉक्टरीणबाईंच्या, मास्तरांच्या, सगळ्यांच्या खिडक्यांत दिवे होते आणि कुणीही एक शब्द बोलत नव्हतं.

सासूबाईंनी मागून माझ्या कमरेला हात घातले, माप घेताना घालतात तसे, आणि मी हळूच क्लच सोडला.